सात ओळींत सात 'एन'

काकूंच्या नव्या मालाचं शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद, करायला बसलो. मागच्या बिलाचा जॉब कॉपी केला आणि खाली सरकवता सरकवता हात थांबला. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, सांडगी मिरची... सातही आयटमांपुढे रोडटेप या कर-परताव्याच्या रकान्यात 'एन', म्हणजे 'नको'. महिन्यापूर्वी दुबईच्या जेबेल अली बंदराला गेलेला मालही असाच गेला होता.

मस्जिद बंदरला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम्स एजंटकडे, चौदा वर्षं मी हेच करतो. आयसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, बिल टाकण्याआधी त्याची तपासायची प्रत, म्हणजे चेकलिस्ट, काढायची, पार्टीचा, म्हणजे निर्यातदाराचा, ओके घ्यायचा, मग सबमिट. रोडटेप १ जानेवारी २०२१ पासून आहे. ट्रकच्या डिझेलवरचा कर, विजेवरचं शुल्क, असे जीएसटीत परत न मिळणारे कर त्यातून निर्यातदाराला मिळतात. पण मागावे लागतात, प्रत्येक आयटमपुढे, 'वाय' लिहून. 'एन' गेला की सिस्टिम गप्प. निर्यातदाराच्या बँकेचा एडी कोड नोंदलेला नसला तर बिल पुढे सरकू देत नाही, पण सात ओळींत सात वेळा हक्क सोडला तरी एक सूचना येत नाही. याचा मला अजून राग आहे.

'एन' आला कुठून? त्याआधी काकूंनी सहार विमानतळावरून विमानाने फुकट नमुने पाठवले होते. त्यांच्यावर दावा नको म्हणून 'एन' मीच टाकला होता. मग तोच जॉब कॉपी करून मी बोटीचं बिल बनवलं. मालाच्या वर्गवारीचे, एचएस कोडचे, आठ अंक दोनदा तपासले, वजनं तपासली, तो रकाना नाही.

जहाज गेलेलं, शिपिंग लाइनने ईजीएम, म्हणजे गेलेल्या मालाची यादी, कस्टम्सकडे भरलेली. त्यानंतर दावा सिस्टिममधून बदलता येत नाही. उरलं कस्टम्स कायद्याचं कलम १४९, म्हणजे निर्यातीच्या वेळी हातात असलेल्या कागदांवर दुरुस्तीचा अर्ज. त्याच दुपारी शिवडीवरून अटल सेतूने न्हावा-शेवा बंदराच्या कस्टम्सला गेलो, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जोडून अर्ज दिला. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चेकलिस्टला ओके कोणाचा?"

काकूंचा. व्हॉट्सॲपवर, पाठवल्यापासून दोन मिनिटांत. चार पानं दोन मिनिटांत कोण वाचणार? त्या वाचत नाहीत हे मला माहीत होतं.

संध्याकाळी आमच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "पार्टीला सांग, तुम्हीच ओके दिला होता." नियमाने ते बरोबर आहे. आमच्या धंद्यात पार्टीचा ओके याच कामाला येतो, आणि हे मला वर्षानुवर्षं खटकतंय.

मी काकूंना फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. रक्कम आठ-नऊ हजारांची. त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, मी तुझ्या भरवशावर ओके लिहिते."

अर्जाचा निकाल यायचा आहे. नव्या बिलाची चेकलिस्ट मी पाठवली नाही. कागद घेऊन रविवारी त्यांच्याकडे पार्ल्याला जाणार आहे.