बारेंड्रेख्तहून आलेली चार ओळींची मेल

मार्च 2024 मधला बुधवार होता. दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी मेल आली, म्हणजे रॉटरडॅमला सकाळचे 9.40. नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या आमच्या पॅक हाऊसमध्ये, जिथे निर्यातीची द्राक्षं भरली जातात, जेवणाची सुट्टी संपत आली होती. मेल रॉटरडॅमशेजारच्या बारेंड्रेख्तहून, डच आयातदाराच्या गुणवत्ता विभागातून. मजकूर चार ओळींचा आणि सोबत 46 फोटो. मजकुराचा अर्थ असा: 'हे स्वीकारता येणार नाही. 20 पैकी 4 पॅलेटमध्ये सल्फरने माल खराब झाला आहे. तुमच्याकडे काय चुकलं? आज 16.00 पूर्वी उत्तर हवं.' पॅलेट म्हणजे लाकडी पाटावर रचलेली खोक्यांची थप्पी. मेलच्या वर 'डियर सर' नाही, खाली 'विथ रिगार्ड्स' नाही.

फोटोंत थॉमसन जातीच्या द्राक्षांचे घड होते. मण्यांची हिरवी-पिवळी चकाकी शाबूत, पण देठाजवळ प्रत्येक मण्याला पांढुरकी टोपी घातल्यासारखी. याला आम्ही ब्लीचिंग म्हणतो. ज्यानं एकदा पाहिलंय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आमचे मालक, अण्णा, मेल वाचून लालच झाले. "इतकी वर्षं माल देतोय आणि ही भाषा? तिकडं बाजार पडला असेल, म्हणून क्लेम लावताहेत. त्यांच्या मालकाला फोन लाव." द्राक्षाच्या धंद्यात हा संशय अगदीच निराधार नसतो. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेचा आणि चिलीचा मालही युरोपात असतो, भाव घसरला की फोटोतला डाग मोठा दिसू लागतो. पण या मेलमध्ये पॅलेटचे क्रमांक होते: 13, 14, 15 आणि 16. बाजार पडलाय म्हणून कांगावा करणारा माणूस सलग चार नंबर देत नाही, तो सगळ्या कंटेनरवर टक्केवारी लावतो.

"आणि अण्णा, ही मेल लिहिणाऱ्या तपासनीस मुलीच्या वर फोन करून उपयोग नाही," मी म्हटलं. "माल घ्यायचा की नाकारायचा हे तीच ठरवते. मालकाला फोन केला तर तो तिलाच विचारेल, आणि आपण तिला डावललं हे दोघांच्या लक्षात राहील."

आपल्याकडे वरच्या माणसाशी बोलणं म्हणजे मान देणं. डच कंपन्यांत पंचविशीतल्या तपासनीसाचा शब्दही अंतिम असू शकतो, आणि तिचं कोरडं बोलणं हे भांडण नसतं. तिनं माल पाहिला, पसंत पडला नाही, तसं लिहिलं. तिच्या चार ओळींतली खरी ओळ तिसरी होती. 'काय चुकलं' हा तिच्यासाठी माहितीचा प्रश्न होता. आपण तो आरोप म्हणून ऐकतो आणि बचावाला लागतो.

त्यांचे 16.00 म्हणजे आमचे रात्रीचे 8.30, कारण तेव्हा आमचं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे होतं. उत्तराला तेवढा वेळ होता.

पहिलं काम म्हणजे राखीव खोकी. प्रत्येक रात्रीच्या पॅकिंगमधली काही खोकी आम्ही शीतगृहात ठेवून देतो, जहाज पोचेपर्यंत. पॅलेटच्या लेबलवरून पॅकिंगची तारीख आणि ग्रेपनेटमधला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीतला, बागेचा क्रमांक मिळतो. त्या रात्रीचं खोकं काढलं, लायनर म्हणजे आतली प्लास्टिकची पिशवी उघडली, वरचा 'ग्रेप गार्ड' पॅड उचलला. तेच. देठाशी पांढरं आणि पॅडखालचे मणी जास्त फिके. नाकात सल्फरचा झोत. म्हणजे जहाजाला किंवा बंदराला दोष देण्याची सोय संपली. तसाही कंटेनरमधल्या लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदणाऱ्या यंत्राचा, आलेख सरळ होता, उणे 0.5 अंशाच्या आसपास. त्या हंगामात लाल समुद्राचा रस्ता सोडून जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात होती. प्रवास दोनेक आठवडे लांबला होता, पण यंत्रानं थंडी नीट सांभाळली होती.

मग चुकलं कुठे? यासाठी ग्रेप गार्डचं काम समजून घ्यायला हवं. या कागदी पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि बुरशी रोखतो. पॅडला दोन टप्पे असतात: पहिल्या एक-दोन दिवसांत जलद सोडणारा आणि मग काही आठवडे हळूहळू सोडणारा. म्हणून क्रम ठरलेला आहे. सकाळच्या थंडाव्यात काढणी, निवड, वजन, 4.5 किलोचं खोकं. मग उघड्या लायनरनिशी प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल झटपट गार करायच्या, खोलीत 6 ते 8 तास, ताडपत्रीखालून पंखा थंड हवा ओढून घेतो. मण्याच्या आतलं तापमान 2 अंशांच्या खाली गेलं की पॅड ठेवायचा, लायनर मिटायचं आणि 0 अंशाच्या शीतगृहात न्यायचं. मणी गरम असताना पॅड ठेवून लायनर मिटलं तर पुढे थंडीत आत दव धरतं, पॅड भिजतो, आणि जो वायू महिनाभर पुरायचा तो दोन दिवसांत बाहेर पडतो. मणी देठाला जिथे जोडलेला असतो, वायू मुख्यतः तिथूनच शिरतो. दुसरा तोटा फोटोत दिसत नाही: पॅड संपलेला असतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात बुरशीला अडवायला काही उरत नाही.

त्या रात्रीचं रजिस्टर काढलं. खोली क्रमांक 2, दर तासाची नोंद: 14, 11, 8, 6, 4, 3, 2. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरला बोलावलं.

"दादा, त्या रात्री लाइट गेली होती का?"

"गेली होती ना साहेब. आली परत."

"मग रजिस्टरमध्ये का नाही?"

"रजिस्टर बरोबर भरलंय साहेब."

त्याच्या 'बरोबर'मध्ये सगळी गोष्ट होती. तो खोटं बोलत नव्हता. बरोबर म्हणजे जसं असायला हवं तसं. ऑडिटला माणसं येतात, कोरी रांग किंवा खाडाखोड दिसली की बोलणी बसतात, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. स्वच्छ रजिस्टर म्हणजे चांगलं काम, असा आमचा हिशेब. बारेंड्रेख्तच्या तपासनीसाच्या हिशेबात ज्या रजिस्टरमध्ये पूर्ण हंगामात एकही बिघाड नाही, तेच संशयाचं.

खरी नोंद दुसरीकडे सापडली. जनरेटरच्या वहीत, कारण डिझेलचे पैसे त्यावर ठरतात. रात्री 1.15 ते 2.35, जनरेटर चालू. पण जनरेटरवर शीतगृह, दिवे आणि खोली 1 एवढंच होतं. खोली 2 नंतर बांधली, तिचा पंखा त्या लाइनवर घेतलाच नव्हता. म्हणजे 80 मिनिटं पंखा बंद. लाइट आल्यावर तास मात्र घड्याळानंच मोजले: 7 तास झाले, काढा. शिवाय तापमापीची सुई टोचली ती कडेच्या खोक्यात, जे सर्वांत आधी गार होतं. मधल्या, पंख्यापासून लांबच्या खोक्यांत मणी तेव्हा किती अंशांवर होते, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

5 वाजता बागायतदार तात्या आले. बातमी त्यांना आधीच लागली होती. "माझ्या मालात काय निघालं?" त्यांना उघडलेलं खोकं दाखवलं आणि स्पष्ट सांगितलं: दोष बागेचा नाही, औषधाचा नाही, पॅकिंगचा आहे, तुमच्या पैशातून काही कापणार नाही. हे लगेच सांगावं लागतं. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागायतदारांच्या भाषेत सीसीसीचे, अवशेष सापडले. ते रसायन तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, म्हणून दोष आपल्याला तिकडून कळला आणि माल बंदरातच अडकला. नाशिक जिल्ह्यात तो हंगाम अजून कुणी विसरलेलं नाही. परदेशातून तक्रार आली की आजही बागायतदार सर्वांत आधी स्वतःच्या फवारणीची डायरी काढतो.

आता उत्तर. अण्णांनी सांगितलेला मसुदा असा होता: आपले जुने संबंध आहेत, कृपया समजून घ्या, पुढच्या वेळी पूर्ण काळजी घेऊ, ॲडजस्ट करा. मराठीत किंवा हिंदीत हे पत्र नम्र आहे, समोरच्याला कळतं की चूक मान्य आहे. डच माणसाला त्यात काहीच सापडत नाही. संबंध हा त्याच्यासाठी हिशेबाचा भाग नाही, 'काळजी घेऊ' यात कृती नाही, आणि 'ॲडजस्ट' म्हणजे नेमकं किती? त्यांच्याकडे म्हणतात, आफस्प्राक इज आफस्प्राक, ठरलं म्हणजे ठरलं. आपण 'नो प्रॉब्लेम, बघतो' म्हटलं की तो ते वचन म्हणून वहीत लिहितो. आपल्या 'हो'चा अर्थ कित्येकदा 'ऐकलं' एवढाच असतो, हे त्याला ठाऊक नसतं.

शेवटी गेलेलं पत्र असं. पॅलेट 13 ते 16, एकूण 576 खोकी, खोली 2 मध्ये गार केलेली. रात्री 1.15 ते 2.35 पंखा बंद, पॅड वेळेआधी ठेवले, रजिस्टरमधली नोंद चुकीची आहे, जनरेटरच्या वहीचा फोटो सोबत. बाकी 16 पॅलेट खोली 1 मधली, त्यांची राखीव खोकी आज उघडून पाहिली, फोटो सोबत. 576 खोक्यांतले पॅड बहुधा संपले आहेत, त्यामुळे ती साठवू नका, निवडून लगेच विका. निवडीचा खर्च आमचा. शेवटी 'सॉरी', एकदाच.

'रजिस्टरमधली नोंद चुकीची आहे' हे वाक्य अण्णांनी दोनदा खोडायला लावलं. त्यांची भीती खरी होती: यापुढे आपल्या कुठल्याच कागदावर ते विश्वास ठेवणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच की तिनं उद्या लाइट गेल्याचं कारण आणि रजिस्टर शेजारी ठेवलं तर ते तिला आपोआप दिसेल. तिच्या आधी आपण सांगितलं तर बाकीचे 16 पॅलेट वाचतील. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "धाड."

7.50 ला मेल गेली. 40 मिनिटांत उत्तर आलं. पहिला शब्द 'क्लिअर.' मग: 16 पॅलेट सुपरमार्केटच्या ऑर्डरला लावतो, 4 उद्याच निवडायला घेतो, खर्च 2,50 प्रति खोकं, एकूण 1.440,00 युरो. आणि वीक 13 चा कंटेनर ठरल्याप्रमाणे भरा.

आमच्या हिशेबनीस ताईंनी आकडा वाचून विचारलं, "एक युरो चव्वेचाळीस?" डच लोक दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब देतात, बरोबर आपल्या उलट. बिलं तपासताना हे डोक्यात ठेवावंच लागतं. आठवड्यांचंही तसंच. युरोपातला भाजी-फळांचा व्यापार तारखेवर नाही, आठवड्याच्या क्रमांकावर चालतो आणि आठवडा सोमवारी सुरू होतो. वीक 13 म्हणजे 25 ते 31 मार्च 2024. पण तो आठवडा भरण्याचा की तिकडे पोचण्याचा, हे सौद्यातच लिहून घ्यावं. नाहीतर महिन्याभराचा फरक पडतो.

अण्णांना उत्तर रुक्ष वाटलं. तब्येतीची चौकशी नाही, 'आभारी आहे' नाही. पण पुढचा कंटेनर मागणं हीच त्यांची चौकशी होती, आणि रात्री घरी जाताना अण्णांनी वायरमनला फोन करून खोली 2 चा पंखा जनरेटरवर घ्यायला सांगितलं.

त्या आठवड्यात सुई टोचायची जागा बदलली. आता रांगेच्या मधली, पंख्यापासून सर्वांत लांबची तीन खोकी, आणि तिन्हींत 2 च्या खाली आल्याशिवाय पॅड नाही, तास कितीही होवोत. रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, 'ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं'. पहिले बारा दिवस त्यात रोज 'काही नाही' होतं, त्याच सुंदर अक्षरात. खाडाखोड झाली तर बोलणी बसणार नाहीत, हे अण्णांनी सुपरवायझरला स्वतः, सगळ्या पाळीसमोर सांगितलं.

वीक 13 चा कंटेनर भरायच्या रात्री 2.40 ला फोन वाजला.

"साहेब, उठवलं. खोली 2 चं दार नीट लागत नव्हतं, रबर फाटलंय. मधल्या खोक्यात 3.8 आहे. बायकांना पॅड टाकू दिले नाहीत. गाडी सकाळी निघणार नाही, दुपार होईल. लिहून ठेवू ना?"