पाचट झाकलं, तरी गांडुळं येईनात

कृष्णाकाठचं आमचं दीड एकर रान. काळी जमीन, निचरा जेमतेम. ऊस तुटून गेला की पाचट, म्हणजे मागं राहिलेला वाळका पाला, पेटवायचं, ही घरची रीत. तीन वर्षांमागं खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, धरताना मी काडी लावू दिली नाही, तर आबा चार दिवस बोलले नाहीत.

बुडखे छाटले, पाचट सऱ्यांत दाबलं. त्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि शेणकाल्यातून 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले. पाणी मात्र नेहमीसारखंच. पाळी आली की सऱ्या तुडुंब. आलेली पाळी कोण सोडतो?

महिन्याभरानं पाचट उचललं तर आंबूस वास, खाली काळानिळा चिखल. गांडुळं वरंब्यावर चढून पडलेली, काही पांढरी पडून मेलेली. मला आधी युरियाचाच संशय आला. पण गांडूळ कातडीतून श्वास घेतं. कातडी ओली हवी हे खरं, पण साचलेल्या पाण्यातली हवा संपली की ते गुदमरतं. पाचटानं ओल उडू दिली नव्हती, वर मी दर आठ दिवसांनी पाणी भरत होतो.

मग अर्ध्या रानात एका आड एक सरीत पाचट ठेवलं आणि पाणी फक्त मोकळ्या सरीला सोडलं, तेही वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावर, बारा-चौदा दिवसांनी. उरलेलं अर्धं आबांच्या समाधानासाठी जुन्या पद्धतीनं.

पावसाळा सरताना फूटभर लांब-रुंद-खोल खड्डे काढले, माती गोणपाटावर फोडून मोजली. पाचटाच्या सरीत चौदा, मोकळ्या सरीत तीन, जुन्या अर्ध्यात पाच. पाचटाखाली मोहरीएवढ्या गोळ्यांच्या विष्ठेच्या ढिगल्या होत्या. पुढच्या मे महिन्यात बांधाकडेच्या कोरड्या कोपऱ्यात दोन फूट खोल एकच सापडलं, स्वतःच्या अंगाच्या चिकट स्रावात गाठ मारून झोपलेलं.

मधल्या काळात दोन किलो विकतची लाल गांडुळंही सोडून पाहिली. पैसे गेले. ती शेणात, कचऱ्यात राहणारी. रानातल्या मातीत टिकत नाहीत. आपल्या रानातली आपोआप येतात, फक्त बुडवायची नाहीत.

आबा आता काठीनं पाचट उचलून बघतात. खिशात काडेपेटी अजून असते, बिडीसाठी म्हणतात. पण बिडी बांधावर बसूनच ओढायची, एवढं मी कबूल करून घेतलंय.