डीकम्प्रेशनचा हिशेब ज्याचा त्यानेच मांडायचा

12 ऑक्टोबर 1992 रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे 70 मीटर खोलीवर पडलेल्या एका जर्मन पाणबुडीवर क्रिस राउस आणि त्यांचा मुलगा क्रिसी उतरले. ती यू-869 आहे, हे पुढे 1997 साली निश्चित झाले. आत शिरलेल्या मुलावर अवजड सामान कोसळून तो अडकला. वडिलांनी त्याला सोडवले, पण त्यात बराच वेळ गेला आणि बाहेर ठेवलेल्या श्वासवायूच्या सगळ्या टाक्या काही हाती लागल्या नाहीत. दोघेही वाटेत थांबण्याचे टप्पे न घेता थेट वर आले आणि दोघेही दगावले. बुडालेल्या जहाजांवर खोल उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही घटना ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते, कारण हे दोघे नवखे नव्हते. पाण्याखालच्या गुहांमध्ये उतरण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

70 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या आठपट असतो. श्वासातला नायट्रोजन त्या दाबाखाली रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत राहतो आणि दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्याने वर येण्याची, म्हणजेच डीकम्प्रेशनची, शास्त्रीय पद्धत जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 साली मांडली. त्या टप्प्यांचे ऋण अंगावर असताना बोट डोक्यावर दिसत असली तरी तिच्यापर्यंतची वाट बंद असते.

राउस पितापुत्र त्या दिवशी साध्या हवेवर गेले होते. इतक्या खोलीवर नायट्रोजनची नशा चढते आणि विचार मंदावतो, म्हणूनच हेलियम मिसळलेला वायू वापरतात. तो महाग पडतो. मुलगा अडकलेला असताना बापाने घड्याळ पाहायला हवे होते, असे कोणीही म्हणणार नाही, मीही म्हणणार नाही. नेमके त्याचसाठी कोणता वायू, किती साठा आणि किती आत शिरायचे, हे कोरड्या डेकवर ठरवावे लागते.

ही जबाबदारी कॅप्टनवर किंवा जोडीदारावर ढकलता येत नाही. प्रत्येक टाकीतला ऑक्सिजन स्वतःच्या हाताने मोजायचा, टेपवर टक्केवारी आणि कमाल खोली ठळक लिहायची: 50 टक्क्यांच्या टाकीवर 21 मीटर, शुद्ध ऑक्सिजनच्या टाकीवर 6. टाक्यांची अदलाबदल खोलवर झाली, तर दाबाखालचा जास्त ऑक्सिजन विषारी ठरून झटके येतात, तोंडातला रेग्युलेटर (श्वास घेण्याचे साधन) सुटतो आणि माणूस बुडतो. जोडीदाराने मोजले होते, हे उत्तर मला मान्य नाही.

वर येतानाचे थांबे मोजून देणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरचेही तसेच. त्यातली सेटिंग कोणाकडून तरी ऐकून भरलेली असते. खोलवर जास्त थांबलेले सुरक्षित, असे अनेक वर्षे सांगितले जाई. अमेरिकी नौदलाने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मात्र तेवढ्याच एकूण वेळेत खोल थांब्यांच्या वेळापत्रकावर बेंड्सचे, म्हणजे त्या बुडबुड्यांमुळे होणाऱ्या आजाराचे, 11 रुग्ण आढळले आणि उथळ थांब्यांच्या वेळापत्रकावर 3. आपण कोणते आकडे भरले आणि का, हे ज्याला सांगता येत नाही त्याने डीकम्प्रेशनच्या डाइव्हला उतरू नये.

वर आल्यावर खांदा ठणकू लागला किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर तेही लगेच सांगितले पाहिजे. ताण पडला असेल, झोपून उठलो की बरे वाटेल, असे म्हणून अनेक जण संध्याकाळ घालवतात. अशा वेळी बोटीवरच शुद्ध ऑक्सिजन सुरू करून रुग्णाला दाबकक्षाकडे, म्हणजे आतला दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीकडे, हलवायचे असते. तिथे 18 मीटर खोलीइतक्या दाबाखाली सुरू होणारा नेहमीचा उपचार जवळजवळ पाच तास चालतो, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका चांगला.