रिपोर्ट नॉर्मल होते, मग संधिवात कळला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. इथे इंदूरला लोकमान्यनगरच्या भिशीत, लग्नाकार्यात, परवा तर अन्नपूर्णेच्या देवळाबाहेर चपला घालताना एका वहिनींनी विचारलं, की तुझी ती संधिवाताची रक्ताची टेस्ट, आरए फॅक्टर, निगेटिव्ह होती ना गं, मग संधिवात आहे हे ठरवलं कोणी? आणि विचारणारीकडे बहुतेक वेळा स्वतःची नाहीतर सुनेची, बहिणीची फाइल असते, रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि बाईला मात्र सकाळी पलंगावरून उतरवत नाहीये. म्हणून एकदा नीटच सांगते.

आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे संधिवात नाही, असं नसतं. ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, असलेल्यांपैकी साधारण 20 ते 30 टक्के लोकांमध्ये तो निगेटिव्हच येतो, आणि उलट काही धडधाकट माणसांमध्ये, विशेषतः म्हाताऱ्यांमध्ये, पॉझिटिव्ह येतो. अँटी सीसीपी नावाची टेस्ट जास्त भरवशाची, ती पॉझिटिव्ह आली तर बऱ्यापैकी खात्री होते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. माझ्या दोन्ही निगेटिव्ह होत्या. युरिक अॅसिड नॉर्मल, एक्सरे साफ. इथल्याच एका डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, "रिपोर्ट तो क्लीन है मॅडम, वॉक किया करो." माझ्या हाताकडे त्यांनी बघितलं नाही, आणि याचा मला अजूनही राग आहे, कारण आजार हातात होता, कागदावर नव्हता.

ज्यांनी ओळखलं त्या संधिवाताच्या डॉक्टर, म्हणजे रुमेटॉलॉजिस्ट. हाडाचे डॉक्टर वेगळे, हे आपल्याकडे अजून फार जणांना माहीत नाही. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या हात द्या. मग बोटाचा एकेक पेर, एकेक सांधा अंगठ्याने दाबत गेल्या, मुठीच्या उंचवट्यांची अख्खी ओळ आडवी धरून हलकेच आवळली तेव्हा मी ओरडलेच, मग मनगटं, मग पायाच्या बोटांची मुळं तशीच आवळून बघितली. नर्सला आकडे सांगत होत्या, इतके दुखरे, इतके सुजलेले. सूज बाहेरून फारशी दिसत नव्हती, पण बोटाखाली लिबलिबीत लागते म्हणे, आणि नंतर सोनोग्राफीत ती दिसलीच. सांध्यांची सोनोग्राफी होते हेही मला तेव्हाच कळलं.

2010 साली अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून एक गुणपद्धत ठरवली, तीही डॉक्टरांनी मला कागदावर मांडून दाखवली. एकूण 10 गुण, 6 मिळाले की ऱ्हुमॅटॉइड धरतात, अर्थात एका तरी सांध्याला नक्की सूज हवी आणि तिला दुसरं कारण सापडलेलं नसावं. त्यात रक्तातल्या अँटीबॉडीला, म्हणजे आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपीला, जास्तीत जास्त 3, अंगातली सूज दाखवणारं ईएसआर-सीआरपी रक्तात वाढलं असेल तर 1, त्रास 6 आठवडे किंवा जास्त चालला असेल तर 1, आणि किती सांधे, कुठले सांधे याला तब्बल 5. माझे लहान-मोठे मिळून दहाच्या वर सांधे धरलेले होते, म्हणजे 5, आणि त्रास कित्येक महिन्यांचा, म्हणजे अजून 1. झाले की सहा! रक्ताने एकही गुण दिला नाही तरी.

आता पहिल्या दिवशीच ऱ्हुमॅटॉइड म्हणून घाबरायचं नाही हेही तेवढंच खरं. थायरॉइड कमी असेल तरी अंग दुखतं आणि गळून जातं, शाकाहारी घरांत बी 12 कमी निघणं तर नेहमीचंच, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन, हे सगळं आधी बघायलाच हवं. पावसाळ्यानंतर चिकनगुनिया होऊन गेला असेल तर सांधे महिनोन्महिने धरून राहू शकतात आणि ते हुबेहूब संधिवातासारखंच दिसतं, त्यामुळे मागे ताप आला होता का हे आवर्जून सांगा. तोंडात वारंवार फोड, केस जाणं, उन्हात चेहऱ्यावर लाली, डोळे कोरडे, अंगावर खवले सुटणारे चट्टे, हेही सांगा, सांध्यांशी काय संबंध असं मनात आणू नका, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) किंवा सोरायसिस या त्वचारोगाचा संधिवात अशाच गोष्टींवरून ओळखतात.

आणि सकाळचं नीट सांगा. नुसतं "दुखतं" म्हणू नका. मी सांगितलं की दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही, गॅसचं बटण दाबून फिरवायला दोन्ही हात लागतात, नऊ-साडेनऊला बोटं मोकळी होतात आणि काम करत राहिलं की बरं वाटतं, बसून राहिलं की पुन्हा आखडतं. डॉक्टर म्हणाल्या की हेच पाहिजे होतं. झिजेच्या दुखण्यात आखडलेपण सहसा अर्ध्या तासात जातं आणि वापराने दुखणं वाढतं, सुजेच्या संधिवातात बरोबर उलटं.

थकव्याबद्दल कोणी विचारत नाही पण मला तेच सगळ्यात जास्त सांगायचंय. पोळ्या झाल्या की ओट्याला धरून उभी राहायचे, दुपारी झोपून उठले तरी तसंच, आणि घरात सगळे म्हणायचे चाळिशी आहे, टेन्शन घेतेस. अहो, अंगात सूज धुमसत असते तेव्हा तीच माणसाला असं पिळून काढते, तो आळस नाही आणि मनाचे खेळही नाहीत. सुनेला, बायकोला असं होत असेल तर कृपा करून तिला ऐकवू नका, तिच्याबरोबर दवाखान्यात चला.

दोन गोष्टी अजून. ती पुडीवाल्याची औषधं घेऊ नका, दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं कारण कित्येकदा त्यात स्टेरॉइड कालवलेलं असतं, आणि सूज अशी दबली की तपासणाऱ्याला काही सापडत नाही. आणि अपॉइंटमेंट संध्याकाळची असेल तर सकाळी सुजलेल्या बोटांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, सातला नंबर लागेपर्यंत हात चांगले दिसायला लागतात. खासगी फी झेपत नसेल तर एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीत दाखवा, पण सहा आठवड्यांच्या वर सकाळी बोटं आखडत असतील तर नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी बसू नका. उशीर झाला की सांधे झिजून वाकडे व्हायला लागतात आणि ते मग सरळ होत नाहीत. माझे अजून सरळ आहेत, संधिवात आटोक्यात ठेवणारी, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, आणि दुधाची पिशवी मीच कापते.