प्रशांत महासागरात नळावरची रांग
गिरगावच्या चाळीत पाण्याच्या वेळेला नळावर उभे राहून मोठा झालेल्या मला परक्या माणसांनी रांग शिकवावी, याचा राग इथल्या संशोधन जहाजावर पहिल्याच पाळीत आला. वेगवेगळ्या खोलींवर मिटलेल्या २४ बाटल्यांची चौकट वर आल्यावर मी क्षारतेच्या नमुन्यासाठी पुढे झालो, तर देखरेख करणाऱ्या बाईंनी मला हातानेच अडवले. आधी वायू, मग प्राणवायू, मग कार्बन आणि क्षारता अगदी शेवटी, असा तिथला क्रम होता.

ताटकळत पाहिले तेव्हा क्रम पटला. बाटलीतून पाणी काढू लागताच वर हवा शिरते आणि विरघळलेले वायू बदलू लागतात; मिठाला तशी घाई नसते. क्रिप्टॉन आणि झेनॉनसाठी पाणी तांब्याच्या नळीतून वाहू देतात, बुडबुडे सुटावेत म्हणून ती ठोकतात आणि दोन्ही टोके दाबून मिटवतात. हे वायू कोणताही जीव वापरत नाही आणि थंड पाण्यात ते अधिक विरघळतात, त्यामुळे ध्रुवाकडे बुडताना पाणी किती गार होते आणि वरची हवा कशी होती, याची खूण त्यांच्या प्रमाणात उरते. उत्तर प्रशांताच्या तळाकडचे पाणी तर अंबरनाथचे शिवमंदिर १०६० मध्ये उभे राहिले, त्याच्याही आधी हवेला शेवटचे भेटलेले आहे. तो हिशेब पाण्यातला किरणोत्सारी कार्बन किती घटला यावरून लागतो. गेबी आणि हायबर्स या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ मधल्या तापमानाच्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून दाखवले, की काही शतकांपूर्वीच्या थंडीमुळे खोल प्रशांत अजूनही गार होतो आहे.

आपल्याकडे ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज १९८३ मध्येच आले, हे मी इथे कोणी न विचारताही सांगतो. समुद्रच मोजायचा तर चौपाटी काय वाईट होती, असे आई फोनवर विचारते, तेव्हा मात्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायलाही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे आणि तिथे असे जुने पाणी मिळणे नाही, हे उत्तर मी जरा जास्तच तयारीने देतो. आमच्या नळावर देखरेखीला कोणी नसताना रांग चालायची, हेही मी परवा तिला अभिमानाने ऐकवले. ती म्हणाली, “चालायची रे, पण आपली बादली शेवटी असायची. तिथेही तेच ना?”