लंडनची पहिली उधारी

लंडनमध्ये आज ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीखालचं मिथ्रा देवाचं रोमन देऊळ पाहिलं. खरं तर देवळापेक्षा जास्त रेंगाळले ते उत्खननातल्या वस्तूंपुढे.

ट्रॉय या ग्रीक पुराणकथांतल्या नगरीच्या वंशातल्या ब्रूटसनं हे शहर वसवलं, असं मध्ययुगात थाटात सांगत. जमीन मात्र वेगळंच बोलते. जवळच पोल्ट्री रस्त्याखाली रोमन गटार सापडलं. त्याच्या लाकडातली वर्तुळं मोजल्यावर झाड तोडल्याचं साल निघालं इ.स. ४७, म्हणजे रोमन स्वारीनंतर जेमतेम चार वर्षं! मग ६०-६१ च्या, रोमनांविरुद्ध उठलेल्या बुडिका राणीच्या बंडात जळालेल्या मातीचा लाल थर. रोमन येण्याआधीच्या तुरळक खुणा आहेत, पण शहर म्हणावं असं काही नाही.

आणि त्या लिहिण्याच्या, मेण लावलेल्या लाकडी पाट्या! वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या चिखलामुळे टिकल्या. वरचं मेण गेलं, लेखणीचे ओरखडे लाकडात उरले. ८ जानेवारी ५७ च्या पाटीत टिबुलस नावाचा मुक्त झालेला गुलाम लिहून देतो, की मालाचे १०५ दिनारियस (रोमन चांदीची नाणी) मी ग्राटसला देणं लागतो. राजाची सनद नाही की शिलालेख नाही, चक्क उधारीची चिठ्ठी! मला तर ब्रूटसपेक्षा हा टिबुलसच जास्त आवडला.

प्रवेश फुकट आहे, फक्त आधी बुकिंग करून जा.