बोलेरोच्या टपाखाली टेप

दिग्रसकडच्या आमच्या रस्त्यानं डॅशबोर्डात इतकी धूळ जाते, की गाण्यांचा टेप दोन उन्हाळेही टिकला नाही. म्हटलं, वरच नेऊ, आरशाच्या मागं. खोका फायबरचा, घरीच.

पहिल्या दिवशी शहाणपणा केला. टपाला मास्किंग टेप, त्यावर फॉइल आणि मेण लावून गाडीत उताणा पडूनच काचतंतूंची मॅट रेझिननं (वाळलं की कडक होणारं चिकट द्रव) चिकटवली. निम्मं रेझिन माझ्या केसांत! मग टपाचं अस्तर काढून अंगणात उलटं ठेवलं.

दुसरी चूक मे महिन्याची. किलोभर रेझिनला 20 मिली हार्डनर (ते घट्ट करणारं रसायन) टाकला अन् ब्रश बुडवेपर्यंत डब्यातून धूर. ऊन 44 अंश, रेझिन वाट पाहते का? दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, 10 मिलीत, थोडं थोडं कालवलं. 450 ग्रॅमच्या मॅटचे तीन थर आरामात बसले. (कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर आवळायला घालतात ते द्रव्य, वेगळं असेल तर आधी रेझिनमध्ये ढवळा. हार्डनरमध्ये थेट पडलं तर भडका उडतो, थट्टा नाही.)

टेपचं तोंड 182 बाय 53 मिमी. तेवढी प्लायची चौकट आधीच आत बसवली होती, म्हणून स्क्रू घट्ट धरले. पुट्टी, 80 नंबरचा कागद, मग 220. घासताना उडालेल्या काचेच्या भुशाची खाज मात्र तीन दिवस गेली नाही. आई म्हणे, "काहून बे, खाजकुयलीत लोळला का?" ताट अंगणातच मिळालं.

वरून काळं रेक्झिन. डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिलीच. तिथं लिंबू-मिरची लटकवली.